संप्रेरकांच्या वाटेवरचा अवलिया

१ जून १८८९ रोजी पॅरिसमधील सोसिएते द बायोलॉजी या विद्वत्सभेपुढे ७२ वर्षांचे एक प्राध्यापक बोलायला उभे राहिले. प्राण्यांच्या वृषणांतून काढलेल्या रसाचे माणसाच्या शरीरावर होणारे परिणाम, असा वरकरणी रूक्ष विषय होता. मात्र ज्या माणसावर हा प्रयोग झाला होता, तो माणूस म्हणजे खुद्द वक्तेच होते. कुत्रा आणि गिनीपिग यांची ताजी वृषणे थोड्या पाण्यात कुटायची, तो रस गाळायचा आणि स्वतःच्या त्वचेखाली टोचून घ्यायचा, असा क्रम त्यांनी मे महिन्याच्या मध्यापासून चालवला होता. टोचल्या जागी असह्य वेदना होत. तरीही परिणाम थक्क करणारा असल्याचे त्यांनी सभेला सांगितले. अर्धा तास उभे राहिले की बसावे लागणारा हा वृद्ध आता प्रयोगशाळेत तासन् तास उभा राहून काम करीत होता, जिने पळत चढत होता. हाताची पकड यंत्राने मोजली तर सहा-सात किलोने वाढलेली होती. लघवीची धारही पूर्वीपेक्षा चतुर्थांशाने लांब जात होती, आणि हेदेखील त्यांनी मोजून ठेवले होते!

सभा चकित झाली, काहीशी संकोचलीही. काही आठवड्यांतच ही वार्ता युरोप-अमेरिकेच्या वृत्तपत्रांत पोचली आणि तिचे नाव पडले संजीवनी. हे प्राध्यापक होते शार्ल एदुआर ब्राउन-सेकार. मज्जारज्जूच्या संशोधनासाठी जगभर नावाजलेले, कॉलेज द फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांच्या आसनावर बसलेले. अशा माणसाने उतारवयात असे काही करावे, याचे अनेकांना वाईट वाटले. काहींनी त्यांची यथेच्छ टवाळी केली. त्या टवाळीत तथ्य होते, पण पूर्ण तथ्य नव्हते. पुरुषाच्या शरीरात वृषण नेमके काय करते, कोणाच्या हुकुमाने करते आणि रक्तात काय सोडते, या प्रश्नांची आज जी उत्तरे मिळाली आहेत, त्यांच्या शोधाला खरी गती या फसलेल्या प्रयोगानेच दिली.

ब्राउन-सेकार यांचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे झाला. कोकणातून मजूर म्हणून गेलेली मराठी कुटुंबे पुढे ज्या बेटावर वसली, तेच हे बेट. त्या वेळी ते नुकतेच फ्रेंचांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. वडील एडवर्ड ब्राउन हे अमेरिकन, जहाजाचे कप्तान. मुलगा जन्माला येण्यापूर्वीच ते समुद्रात नाहीसे झाले. आई शार्लोत सेकार ही बेटावरच्या फ्रेंच घराण्यातली. शिवणकाम करून तिने मुलाला वाढवले. अमेरिकन बापाचा, फ्रेंच आईचा आणि इंग्रजी राजवटीचा प्रजाजन असलेला हा मुलगा आयुष्यभर कुठल्याच एका देशाचा होऊ शकला नाही. आईचे ऋण मात्र तो विसरला नाही. आईचे आडनाव त्याने वडिलांच्या नावापुढे कायमचे जोडले.

१८३८ मध्ये मायलेक पॅरिसला आले ते साहित्याच्या ओढीने. तरुणाच्या पेटीत स्वतःच्या लेखनाची बाडे होती. त्याने ती शार्ल नोदिए या नामवंत लेखकाला दाखवली. नोदिए यांनी लेखनावर पोट भरण्याचा नाद सोडून द्यावा, असा स्पष्ट सल्ला दिला. तो मानून तो वैद्यकाकडे वळला. फ्रेंच साहित्याचे त्यामुळे किती नुकसान झाले हे सांगता येणार नाही. शरीरक्रियाविज्ञानाचा मात्र लाभ झाला. शिक्षण चालू असतानाच आई वारली. ऐन उमेदीच्या वर्षांत आलेल्या या एकाकीपणातून तो प्रयोगशाळेत अधिकच बुडाला. १८४६ मध्ये मज्जारज्जूवरील प्रबंधाला पदवी मिळाली.

पुढील काही वर्षे हलाखीची होती. नोकरी नाही, पैसा नाही आणि प्रयोगांचे वेड मात्र अनावर. प्रयोगाला दुसरे कोणी मिळत नाही म्हणून ब्राउन-सेकार स्वतःच प्रयोगाची वस्तू बनत. जठररस मिळवण्यासाठी दोऱ्याला बांधलेला स्पंजाचा तुकडा ते गिळत आणि ओढून बाहेर काढीत. हा प्रकार इतक्या वेळा केला, की खाल्लेले अन्न पुन्हा तोंडात येण्याची खोड त्यांना जन्मभराची जडली. १८५४ मध्ये ते मॉरिशसला परतले तेव्हा बेटावर पटकीची साथ होती. रुग्णांची सेवा तर त्यांनी केलीच. शिवाय अफूच्या अर्काचा उपयोग तपासण्यासाठी रुग्णाची वांती स्वतः गिळली आणि मरता मरता वाचले. त्याच सुमारास अमेरिकेतील रिचमंड येथे प्राध्यापक असताना त्वचेचे कार्य अजमावण्यासाठी त्यांनी अंगभर व्हार्निश फासून घेतले. जमिनीवर बेशुद्ध पडलेल्या प्राध्यापकांच्या अंगावरचा तो लेप वेळीच खरवडून काढला गेला म्हणून जीव वाचला. सत्तरीतली ती इंजेक्शने म्हणजे अचानक चढलेले म्हातारचळ नव्हते. या माणसाचा पिंडच तसा होता.

अमेरिकेचा त्यांचा पहिला प्रवास १८५२ चा. फ्रान्समध्ये लुई नेपोलियनची सत्ता आली होती आणि प्रजासत्ताकाचा पक्ष घेणाऱ्या ब्राउन-सेकार यांना तिथे धास्ती वाटू लागली होती. इंग्रजी धड येत नव्हते. ते जहाजावर शिकले. फ्रेंचच्या शिकवण्या घेऊन आणि पाच-पाच डॉलरवर बाळंतपणे करून त्यांनी दिवस काढले. पुढे पॅरिस, लंडन, बोस्टन, न्यूयॉर्क अशी भ्रमंती कधी थांबलीच नाही. अटलांटिक महासागर त्यांनी किती तरी वेळा ओलांडला. लंडनला पक्षाघात आणि अपस्माराच्या रुग्णांसाठी नवे रुग्णालय १८६० मध्ये उघडले, तेव्हा तिथल्या आरंभीच्या डॉक्टरांत ते होते. रुग्णांची रीघ लागली आणि पैसाही मिळू लागला. पण प्रयोगांना वेळ उरेना, म्हणून चालता धंदा सोडून ते निघाले. १८६४ मध्ये हार्वर्डने त्यांना अध्यासन दिले. त्याच वर्षी पहिली पत्नी निवर्तली. हार्वर्डही त्यांनी तीन-चार वर्षांतच सोडले. तीन विवाह, तीन देश आणि पाचशेहून अधिक शोधनिबंध, असा हा संसार होता.

वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी त्यांचे नाव शिकतो ते मज्जारज्जूच्या संदर्भात. मज्जारज्जू एका बाजूने अर्धा कापला गेला, तर त्याच बाजूचे अंग लुळे पडते. वेदना आणि उष्ण-थंड यांची जाणीव मात्र विरुद्ध बाजूची जाते. प्राण्यांवरील शेकडो काटेकोर शस्त्रक्रियांतून त्यांनी हे दाखवून दिले. सुरीच्या वाराने किंवा अपघाताने जखमी झालेल्या रुग्णात ही लक्षणे दिसली, की आजही डॉक्टर ब्राउन-सेकार लक्षणसमूह असेच निदान लिहितात. अर्थात सगळेच प्रयोग असे खणखणीत नव्हते. गिनीपिगमध्ये इजा करून निर्माण केलेला अपस्मार पुढच्या पिढीत उतरतो, असे त्यांचे ठाम मत होते. डार्विन यांनीही ते उल्लेखनीय मानले. पुढे ते टिकले नाही. आपल्या निरीक्षणावर जडलेला अतोनात विश्वास हे त्यांचे बळ होते आणि तोच त्यांचा दोषही.

ग्रंथींचा विषय त्यांच्या आयुष्यात १८५६ मध्ये आला. आदल्या वर्षी लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या विकाराचे वर्णन केले होते. ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या या ग्रंथी काढून टाकल्या. प्राणी मेले. एवढ्याशा, कसलीही नळी नसलेल्या ग्रंथीवाचून जगता येत नाही, याचा अर्थ ती रक्तात काहीतरी थेट सोडत असली पाहिजे. क्लोद बर्नार यांनी यकृताच्या साखरेबाबत अंतःस्रावाची कल्पना तेव्हा नुकतीच मांडली होती. ब्राउन-सेकार यांच्या मनात हा धागा रुजला तो तीस वर्षे. खच्ची केलेल्या पुरुषांत दिसणारा अशक्तपणा आणि वृद्धांतला अशक्तपणा यांची सांगड घालून, वृषणातला रस वृद्धांना दिला तर शक्ती परत येईल, अशी कल्पना त्यांनी १८६९ मध्येच बोलून दाखवली होती. १८७८ मध्ये बर्नार गेल्यावर ते त्यांच्या जागी आले, फ्रेंच नागरिक झाले, १८८६ मध्ये विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले. आता स्वतःचे शरीर थकू लागले होते. वीस वर्षे मनात घोळणारी कल्पना तपासण्याची वेळ आली होती.

वास्तविक या कल्पनेचा उत्तम पुरावा चाळीस वर्षांपूर्वीच मिळालेला होता. १८४९ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, तो आरवत नाही, भांडत नाही. पण काढलेले वृषण त्याच्या किंवा दुसऱ्या कोंबड्याच्या पोटात रुजवले, तर मज्जातंतूंचा जुना संबंध तुटलेला असूनही तुरा पुन्हा वाढतो आणि आरव ऐकू येते. म्हणजे संदेश रक्तातूनच जात होता. हा चार पानांचा निबंध जवळजवळ विस्मरणात गेला होता. बेर्टहोल्ड यांच्याकडे पुरावा होता, पण लोकांचे लक्ष नव्हते. ब्राउन-सेकार यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले.

त्यांनी आपल्या प्रयोगावर स्वतःच एक शंका घेतली होती, हे त्यांच्या टीकाकारांनी फारसे लक्षात घेतले नाही. हा सगळा मनाचा खेळ तर नसेल, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आणि इतर डॉक्टरांनी पडताळा घ्यावा असे आवाहन केले. पॅरिसचे डॉ. व्हारिओ यांनी तीन वृद्धांवर प्रयोग करून अनुकूल निष्कर्षही कळवला. इंजेक्शने थांबवल्यावर काही आठवड्यांनी आपली ताकद पुन्हा ओसरली, हेही ब्राउन-सेकार यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. अर्थात, एवढ्याने शंका फिटत नव्हती. ज्याला आपण काय टोचून घेतो आहोत हे ठाऊक आहे आणि ज्याला तरुण व्हायचे आहे, असा माणूस आपल्या प्रयोगाचा निवाडा कसा करणार? आणि इतरांकडे पडताळा घेण्याइतका धीर उरला नव्हता. हजारो डॉक्टर तो रस टोचू लागले. अस्वच्छ सुयांनी आणि नासलेल्या अर्कांनी गळवे झाली. अमेरिकेत तर गाल्विन नावाच्या बेसबॉलपटूने सामन्याआधी हे इंजेक्शन घेतल्याची बातमी त्याच उन्हाळ्यात छापून आली. ब्राउन-सेकार यांनी स्वतः यातून पैसा केला नाही. आर्सेन दार्सोनव्हाल या सहकाऱ्याच्या मदतीने अर्क निर्जंतुक करण्याची पद्धत बसवून ते तो डॉक्टरांना विनामूल्य पाठवीत. बाजार मांडला तो इतरांनी.

आज या प्रयोगाचा निकाल निःसंदिग्ध आहे. वृषण टेस्टोस्टेरॉन सतत तयार करते, पण त्याचा साठा करून ठेवत नाही. बनते तसे ते रक्तात जाते. शिवाय हे द्रव्य स्निग्ध पदार्थांत विरघळणारे; पाण्यात ते नगण्यच उतरते. पाण्यात कुटलेल्या रसात औषध म्हणण्याजोगे काही असणे शक्यच नव्हते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्यांची कृती बरहुकूम करून पाहिली आणि २००२ मध्ये तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला. सत्तरीच्या प्राध्यापकांना जिने चढवले ते आशेने.

पण वृद्धांच्या आशेपेक्षा मोठी एक गोष्ट त्या उन्हाळ्यात सुटी झाली होती. १८९१ मध्ये ब्राउन-सेकार आणि दार्सोनव्हाल यांनी मांडले, की शरीरातील प्रत्येक ऊती रक्तात आपले खास द्रव्य सोडते आणि ते कमी पडले तर बाहेरून भरून काढता येईल. त्याच वर्षी इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क एका आजारी स्त्रीला टोचला. हा अर्क खरोखर लागू पडला. ती स्त्री पुढे २८ वर्षे जगली. अवटू ग्रंथी आपले द्रव्य साठवून ठेवते, म्हणून तिथे यश आले. रीत तीच, ग्रंथी वेगळी. १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टारलिंग यांनी अशा द्रव्यांना हॉर्मोन हे नाव दिले. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो.

वृषणातले खरे द्रव्य हाती यायला १९३५ साल उजाडले. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून अवघे १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट आणि लिओपोल्ड रुझिच्का यांनी ते कृत्रिमरीत्या बनवले. ब्राउन-सेकार यांच्या सिरिंजमधील थेंबभर रसाशी या आकड्यांची तुलना केली म्हणजे सगळा उलगडा होतो.

त्यानंतर जे चित्र उभे राहिले, ते ब्राउन-सेकार यांच्या कल्पनेपेक्षा फार गुंतागुंतीचे आहे. वृषणाला दोन कामे असतात: शुक्रजंतू निर्माण करणे आणि संप्रेरक बनवणे. दोन्हींचा लगाम मेंदूकडे आहे. मेंदूच्या तळाशी असलेले हायपोथॅलॅमस दर दीड-दोन तासांनी एका द्रव्याचा लहानसा झोत सोडते. त्याने पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि एलएच व एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात धाडते. एलएच वृषणातील लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते. एफएसएच काम करते ते सर्टोली पेशींवर. इटलीच्या एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये वर्णन केलेल्या या पेशी वाढत्या शुक्रजंतूंना दाईसारख्या सांभाळतात. एका शुक्रजंतूच्या घडणीला सुमारे अडीच महिने लागतात. त्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा पन्नास ते शंभर पट असावे लागते. रक्तात ते पुरेसे झाले, की मेंदूला निरोप जातो आणि झोत मंदावतात. सर्टोली पेशीही इन्हिबिन नावाचे द्रव्य सोडून एफएसएचला आवर घालतात.

इथेच नियतीचा एक खोडकर वळसा आहे. ब्राउन-सेकार यांच्या अर्कात खरोखर पुरेसे टेस्टोस्टेरॉन असते आणि ते त्यांनी महिनोन् महिने घेतले असते, तर त्यांच्या शरीरातील शुक्रजंतूंची निर्मिती वाढली नसती. बंद पडली असती. बाहेरून आलेले संप्रेरक पाहून मेंदू आपला हुकूम मागे घेतो. एलएच आणि एफएसएच ओसरतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असते, पण वृषणाच्या आतला साठा मात्र आटतो आणि कारखाना थंडावतो. जागतिक आरोग्य संघटनेने या तत्त्वावर पुरुषांसाठी गर्भनिरोधक शक्य आहे का, याची चाचणी घेतली. २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन देण्यात आले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतू उरले नाहीत. इंजेक्शने थांबल्यावर निर्मिती पुन्हा सुरू झाली. दंड फुगवण्यासाठी व्यायामशाळेत कुणाच्या तरी सांगण्यावरून अशीच इंजेक्शने घेणारे तरुण पुढे मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे येतात, तेव्हा त्यांच्या बाबतीत हेच घडलेले असते. त्यांना पूर्ववत व्हायला अनेक महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. मूल हवे असलेल्या पुरुषाला म्हणूनच जाणते डॉक्टर टेस्टोस्टेरॉन देत नाहीत. गरज असेल तर वृषणाला आतून चालना देणारी संप्रेरके देतात.

यातले काहीही ब्राउन-सेकार यांना कळणे शक्य नव्हते. अखेरच्या वर्षांत त्यांची प्रकृती ढासळत गेली, तरी अर्कांवरील काम त्यांनी सोडले नाही आणि आपल्या निष्कर्षावरची श्रद्धाही. एप्रिल १८९४ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर अधिवृक्क ग्रंथीचा अर्क कुत्र्याला टोचून रक्तदाब झपाट्याने चढताना पाहत होते. अडतीस वर्षांपूर्वी ब्राउन-सेकार यांनी ज्या ग्रंथीवर बोट ठेवले होते, तीच ही ग्रंथी. मॉरिशसने आपल्या या पुत्राची आठवण ठेवली आहे. ब्यू बासाँ येथील मानसिक आरोग्य रुग्णालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.